पहिला नको

माझ्या तोंडून निघालेल्या 'नको'चा अर्थ 'हो' असा होतो, हे मला एका मोटारीनं शिकवलं. तेही साठी उलटल्यावर, सगळी हयात गाई-म्हशींवर उपचार करण्यात घालवल्यावर. जनावरं बोलत नाहीत हे खरं, पण त्यांनी लाथ मारली तर तिचा अर्थ लाथच असतो. कुणी तिला लाजणं समजत नाही.

मी डॉ. विशाखा इंगवले, पशुवैद्य. कोल्हापुरात राहते आणि बोलावणं येईल तिथं जाते: भुदरगड, आजरा, राधानगरी. नवरा दिगंबर आजारपणात गेला. घरात मुलगा शार्दूल, सून ओवी आणि मी. शिवाय दारात ढवळी होती. ढवळी म्हणजे माझी जुनी पांढरी मोटार, पेट्रोलवर चालणारी, हातानं गिअर टाकायची. तिचा दुसरा गिअर सरळ पडत नसे. आधी जरा पुढं रेटायचा, मग मागं ओढायचा. हे माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही आणि मला त्याचा माज होता. आतमध्ये फिनेल, शेण आणि ओल्या पोत्याचा एकत्र वास. ओवी तिच्यात बसायची तेव्हा नाकाला ओढणी लावायची. पण चिखल असो की घाट, ढवळीनं मला कधी वाटेत टाकलं नाही.

"आई, आता ही काढून टाकूया," शार्दूल एकदा जेवताना म्हणाला. "स्वतः चालणारी घेऊ. तू मागं निवांत बसायचंस."

"नको," मी म्हणाले.

"बघ तरी की एकदा."

"नको रे. माझं चाललंय ते बरं चाललंय."

ओवी हसली. "आईंचं 'नको' म्हणजे तसंच असतंय. साडी आणली तरी आधी नको, मग सगळ्या गल्लीला दाखवून येतात."

दोघं मनापासून हसले. मी हसले नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दसऱ्याला दारात झेंडूची माळ घातलेली नवी गाडी उभी होती. तिचं नाव सुहृद. कंपनीचं नाव अग्रणी. शार्दूलनं माझ्या नावावर घेतली होती, म्हणजे त्याच्या मते मला नाही म्हणायला जागाच नव्हती. मी एवढंच सांगितलं की ढवळी कुठं जाणार नाही, शेडमध्ये राहील. "बरं बाई, राहू दे," तो म्हणाला. लहान पोराची समजूत घालावी तसा.

आता या सुहृदमध्ये विशेष काय, ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे.

स्वतः चालणाऱ्या गाड्या आपल्याकडं आल्या तेव्हा त्यांची पंचाईत झाली ती रस्त्यांमुळे नव्हे, बोलण्यामुळे. त्या शब्दाला शब्द धरून चालायच्या. पाहुणा म्हणायचा, "नको नको, मी रिक्षानं जातो," आणि गाडी त्याला भर उन्हात सोडून निघून जायची. सासरे म्हणायचे, "मला नको सोडायला," आणि सासरे दारातच. तक्रारींचा पाऊस पडला. मग अग्रणीच्या लोकांनी एक शक्कल लढवली. त्यांनी हजारो मराठी घरांमधलं बोलणं त्या घरांच्या परवानगीनं जमवलं आणि यंत्राला एकच गोष्ट तपासायला लावली: माणूस 'नको' म्हणाला, आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं? ताटात पोळी पडली की नाही? चहा प्याला की नाही?

यंत्राला जे सापडलं ते आपल्याला आजन्म ठाऊक आहे. पहिला नको शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा, खरा असलाच तर तिसरा. आग्रह करणाऱ्याला हे कळतं, आग्रह करून घेणाऱ्यालाही कळतं. यंत्रानं त्याचं गणित बसवलं. कोण बोललं, कुठल्या सुरात, कितव्यांदा, आणि पूर्वी त्या माणसाच्या नकोचं पुढं काय झालं, यावरून प्रत्येक नकोला वजन मिळायचं. वजन हलकं असलं की गाडी तो नको बाजूला सारायची. शिवाय ती प्रत्येक घरात नव्यानं शिकायची. घरात भिंतीवरचं बोलतं यंत्र असेल, दिवे-पंखे लावणारं, तर त्याच्याकडची जुनी साठवण एका रात्रीत गाडीत यायची. आमच्याकडं ते यंत्र दिगंबरच्या हयातीपासून होतं. "पहिली खरी मराठी गाडी" म्हणून अग्रणीला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला होता.

सुरुवातीला मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हणायची, "एसी नको," ती हलकासा लावायची आणि खरोखर गार वाटायचं. मी म्हणायची, "थांबायला नको," आणि ती चहाच्या टपरीशी थांबायची, तर मला चहा हवाच असायचा. सुहृदचा आवाज मऊ होता, ती मला विशाखाताई म्हणायची. माझ्या मनातलं ओळखणारं कुणीतरी मिळालं, असं मी एका मैत्रिणीला सांगितलंसुद्धा.

मग एके दिवशी मी फोनवर एका गाभण गाईबद्दल बोलत असताना सुहृदनं मधेच विचारलं, "विशाखाताई, तुमचा हातानं गाडी चालवायचा परवाना परत करू का? विम्यात सवलत मिळेल. आणि जुनी गाडी मोडीत देऊ का?"

"नको गं," मी म्हणाले आणि फोनवर बोलत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी फेरीवरून घरी आले तर शेड रिकामी. जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिलेला. ओवी म्हणाली, "टोइंगवाले घेऊन गेले. तुमची संमती होती म्हणाले, दाखवली पण." परवानाही रद्द झाला होता. मी हातानं मोटार चालवली तर आता गुन्हा.

मी शार्दूलला फोनवर असं काही बोलले की त्यानं तिकडं स्पीकर बंद केला. मग म्हणाला, "चूक झाली असेल आई. मी बघतो. पण खरं सांग, परवाना तुला आता लागणार होता का?"

मला लागणार होता. त्याच आठवड्यात लागला.

आजऱ्याच्या पलीकडं दाभिलवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या सारिका कांबळेचा फोन आला. म्हैस अडली होती. रेडकू बाहेर येईना, गर्भपिशवीला पीळ पडल्याची लक्षणं. अशा वेळी हातात फार वेळ नसतो. "येते," म्हणाले आणि सुहृदमध्ये बसले. दुसरं काही उरलंच नव्हतं.

गारगोटीच्या पुढं एक फाटा येतो. सरळ गेलं की जुना अरुंद पूल आणि जवळची वाट. डावीकडं नवा रुंद रस्ता, पण तो सगळ्या डोंगराला वळसा घालतो. ढवळी त्या पुलावरून डोळे मिटून गेली असती.

"समोरचा रस्ता खडबडीत आहे," सुहृद म्हणाली. "डावीकडं वळू ना?"

"वळू नको! सरळ जा."

ती वळली. नकोला जोडून आलेलं 'सरळ जा' तिनं नकोबरोबरच बाजूला सारलं.

वाचणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं. पोळी नको हा एक नको आणि वळू नको हा दुसरा. पहिल्यात माणूस नाकारतो, दुसऱ्यात मना करतो. लहान मूलही यात गल्लत करत नाही. विस्तवाला हात लावू नको म्हटल्यावर कुणी त्याला आईचा संकोच समजत नाही. पण बक्षीस मिळवणाऱ्या त्या शहाण्यांनी दोन्ही नको एकाच तागडीत टाकले होते, आणि माझ्या नकोला वजन नव्हतंच.

"अगं, वळू नको म्हटलं ना! मागं फिर!"

"तुम्हाला उशीर होईल म्हणून काळजी वाटतेय, ते समजतंय," ती म्हणाली. "आपण सुखरूप पोचू."

"थांब!"

ती रस्त्याकडेला नीट थांबली, दिवे लुकलुकवले आणि म्हणाली, "आता पुढं जाऊ ना?"

"पुढं जाऊ नको!"

ती पुढं गेली. मी ओरडले. शिव्या दिल्या, ज्या मी गोठ्यातसुद्धा देत नाही. पुढच्या सीटच्या पाठीवर लाथा मारल्या. चालत्या गाडीचं दार उघडत नाही. सुहृदनं संतूर लावलं. रागानं दिलेला नकार हा तिच्या लेखी रुसवा होता, आणि रुसवा संध्याकाळपर्यंत जातो असं तिला हजारो घरांनी शिकवलं होतं.

मी पोचले तेव्हा म्हैस आडवी झाली होती. रेडकू आतच मेलेलं. मी हात घातला, पीळ सोडवायला बघितला, सलाईन लावलं, जे करायचं ते सगळं केलं. म्हशीनं माझ्यासमोर मान टाकली.

सारिकानं म्हशीच्या अंगावर पोतं टाकलं. मग म्हणाली, "एवढी भारी गाडी घेतलासा बाई, आन् पोचाय एवढा येळ? त्या जुन्या डबड्यातनं कवा येत हुतासा. तवा न्हाई कुटलं जनावर मेलं."

काय सांगणार होते तिला? की गाडीला मराठी येतंय म्हणून उशीर झाला? मी औषधांची पिशवी उचलली आणि परत त्याच गाडीत बसले, कारण रात्री कुठली एसटी नव्हती. येताना सुहृदनं विचारलं, एसी लावू का? मी उत्तर दिलं नाही. तिनं लावला.

दुसऱ्या दिवशी मी शार्दूलला ओढून सुहृदमध्ये बसवलं.

"म्हण, एसी नको."

"आई, अगं..."

"म्हण."

"एसी नको," तो म्हणाला. एसी बंद झाला.

"आता लाव," मी म्हणाले. लागला. "एसी नको."

"थोडासाच ठेवते हं, विशाखाताई."

शार्दूल पहिल्यांदाच गडबडला. पुन्हा करून बघितलं. रस्ता, खिडकी, गाणं. त्याचा नको पहिल्या फटक्यात खरा. माझा एकही नाही. मला बोलायची भीती वाटत होती, इतकी मी तापले होते. सरळ अग्रणीच्या ऑफिसात गेलो.

तिथं इंद्रनील नावाचा इंजिनियर होता. तिशीचा, गोड बोलणारा. त्यानं आधी चहा विचारला. मी नको म्हणाले. चहा आला. मी त्या कपाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. त्याला काही कळलं नाही.

"मॅडम, गाडी पुरुष-स्त्री असा भेद करत नाही," तो म्हणाला. "तसा एकही नियम आम्ही लिहिलेला नाही. ती तुमच्याच घरातून शिकलीय. ऐकायचंय?"

त्यानं आमच्या भिंतीवरच्या यंत्राची साठवण लावली. माझाच आवाज. वर्षानुवर्षांचा.

"नको रे, एवढं सगळं मी एकटी नाही करू शकणार." आणि मग भांड्यांचा आवाज, म्हणजे मी केलं होतं. "मला नको यायला त्या लग्नाला." आणि मग दिगंबरचं, "आटप लवकर, गाडी काढलीय." मग त्याच्या आजारपणातला तो दिवस: "दवाखाना बंद करायला नको. माणूस ठेवूया ना घरी." त्यावर शार्दूलचा आवाज, "बंदच कर आई, बाहेरचं माणूस कशाला?" माझा जनावरांचा दवाखाना दोन वर्षं बंद होता. मग, "नको, ती जमीन विकू नका, माझ्या आईची आहे." ती विकली. मग, "नवीन गाडी नको."

"बघा ना," इंद्रनील म्हणाला, "पुढं प्रत्येक वेळी तुम्ही तयार झालात. गाडीनं दुसरं काय समजायचं? घरातली माणसं जे समजत होती, तेच ती समजली."

तयार झालात! मला तो शब्द अजून जाळतो. तयार झाले नव्हते मी. माझ्या अंगावरून जे गेलं, त्याला हा माझी संमती म्हणत होता. वर माझीच चूक, मीच दर वेळी निघाले, मीच दर वेळी केलं! माणसानं नको म्हटल्यावर ते ऐकायचं काम ऐकणाऱ्याचं असतं. हे मी त्याला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. पलीकडच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली.

शार्दूल जमिनीकडं बघत होता.

"वजन हातानं बदलता येत नाही," इंद्रनील हळू आवाजात म्हणाला. "पण तुमची जुनी गाडी अजून आमच्या स्क्रॅप सेंटरला आहे. शेवटची संमती तिथं आवाजानं द्यावी लागते. तिथं जाऊन नको म्हणा."

स्क्रॅप सेंटर शहराबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीत. पत्र्याच्या कुंपणाआड गाड्यांचे ढीग, आणि दाराजवळ ढवळी. तिच्या चाकांना चिखल होता, माझ्याच शेवटच्या फेरीचा. क्रेनचा पंजा तिच्या डोक्यावर थांबलेला. एका खांबावर ते आवाज ऐकणारं यंत्र आणि त्याच्यावर गोल दिवा. तिथला माणूस, बाबासो, विडी विझवून पुढं आला.

"विशाखा इंगवले," यंत्र म्हणालं, "आपली जुनी गाडी मोडीत काढू ना?"

"नको."

दिवा पिवळा झाला. "जुन्या गाडीचा जिव्हाळा असतोच. काढू ना?"

"नको! माझी गाडी परत द्या."

दिवा पिवळाच. बाबासोनं डोकं खाजवलं. "मला कळतंय ओ बाई, तुमी नको म्हणतासा. पर मशिनीला कळाय पायजे. माज्याकडं बटन न्हाई. दिवा हिरवा झाला की क्रेन आपली आपण सुरू हुतीय." मग तो शार्दूलकडं वळला. "सायबांनी म्हटलं तर झालं बगा. बाप्यांचं लगीच घेतंय."

"सरक आई," शार्दूल पुढं आला. "मी म्हणतो. एका शब्दाचं काम आहे."

तो पुढं येताच यंत्राच्या पडद्यावर मजकूर उमटला. मी वाचला. कुटुंबीयाच्या वतीनं निर्णय. यापुढं विशाखा इंगवले यांच्या वाहनाविषयीच्या सर्व संमती शार्दूल इंगवले देतील.

"वाच," मी म्हणाले.

त्यानं वाचलं. "हे नुसतं लिहिलेलं असतंय गं. आपण काय तसं वागणाराय?"

"आजवर घरात दुसरं काय केलंस?"

मी ढवळीकडं बघितलं. मला ती हवी होती. एक शब्द, तोही माझा नाही, माझ्या पोराचा, आणि ती दारात परत आली असती. मग परवान्यासाठी पुन्हा त्याचा शब्द, कुठल्या वाटेनं जायचं त्यासाठी त्याचा शब्द, आणि पुढं कुणाची म्हैस अडली तर त्यासाठीही.

"तू बोलू नको, शार्दूल."

"आई, गाडी जाईल."

"बोलू नको."

त्यानं तोंड उघडलं होतं. मला त्याचा चेहरा दिसत होता. तो जन्मभर करत आला तेच करत होता, माझा नको तोलून बघत होता. मी त्याला मदत केली नाही. पुन्हा म्हणाले नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्याचा हात त्या खांबापर्यंत गेला होता.

त्यानं हात खाली घेतला आणि मागं सरला.

"काढू ना?" यंत्रानं तिसऱ्यांदा विचारलं.

"नको," मी म्हणाले. स्पष्ट, सगळ्या यार्डात ऐकू जाईल असं.

दिवा हिरवा झाला.

पंजा खाली आला. आधी टप बसला, मग काचा गेल्या, मग दारं आत वळली. मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले. रडले, पण दुःखानं नाही. संतापानं. बाबासोनं टोपी काढली होती, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. शार्दूल माझ्या शेजारी उभा होता, आणि तो एक शब्दही बोलला नाही.

"आता?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"आता उद्या शिकाऊ परवान्याला अर्ज करायचा. परीक्षा माणूस घेतो म्हणतात. सारिकाकडं लाल 'एल' लावलेल्या गाडीतनं जाईन. आणि अग्रणीवर केस. ती मी माझ्या नावावर करणार."

सुहृद दार उघडून उभी होती. "बसा ना, विशाखाताई. दमला असाल."

"नको," मी म्हणाले आणि चालू लागले. हमरस्त्यावर रिक्षा मिळते. शार्दूल माझ्याबरोबर निघाला. गाडी आमच्या मागून येऊ लागली, माणसाच्या चालीनं, दार उघडंच ठेवून. आम्ही थांबलो की थांबायची, निघालो की निघायची. पाळी सुटलेले कामगार उभे राहून बघायला लागले. एकजण हसला.

"आई," शार्दूल दबक्या आवाजात म्हणाला, "आणखी एकदा म्हणून बघ. कदाचित ऐकेल."

"एकदा म्हटलंय," मी म्हणाले.